एकाने घरी थांबायचं की दोघांनी नोकरी करायची? हा निर्णय कोणत्या क्रमाने घ्यायचा

"माझा निम्मा पगार पाळणाघरात जाणार, उरलेला जाण्यायेण्यात. मग नोकरी करायचीच कशाला?"

हे वाक्य मी बऱ्याच घरांत ऐकलंय. एकेकाळी मीही म्हटलंय. त्यात तीन चुका आहेत. पाळणाघराचा खर्च एकटीच्याच पगारातून वजा केलाय, हिशोब फक्त या वर्षाचा केलाय, आणि पर्याय दोनच धरलेत. या तिन्ही चुका होतात, कारण निर्णय उलट्या क्रमाने घेतला जातो. कोण थांबणार हे आधी ठरतं, तेही बहुतेकदा न बोलताच. मग नातेवाइकांना सांगितलं जातं, मग राजीनामा दिला जातो, आणि कागद-पेन्सिल सगळ्यात शेवटी बाहेर येते. तोवर उत्तर ठरलेलं असतं, त्यामुळे हिशोबही त्याला जुळेल असाच होतो.

घरी थांबणं चांगलं की नोकरी करणं, हे मी सांगणार नाही. मी चार वर्षं घरी होते, नंतर कामावर परतले, आणि दोन्हींचा मला पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप आहे तो क्रम चुकल्याचा. तो चुकू नये म्हणून हे टप्पे लिहिले आहेत.

## तयारी: बसण्याआधी काय गोळा करायचं

या कामाला एक संध्याकाळ पुरत नाही. आठवड्याच्या अंतराने तीन बैठका धरा. शक्य असेल तर बाळ येण्याआधी, नाहीतर रजा संपायच्या किमान तीन महिने आधी सुरुवात करा. बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत कायमचा निर्णय घेऊ नका. झोप नसलेल्या माणसाने राजीनाम्यावर सही करू नये, एवढं साधं कारण आहे.

समोर एवढं असू द्या:

- दोघांची गेल्या १२ महिन्यांची बँक खातेपत्रकं आणि पगारपत्रकं
- निवृत्तिनिधीची ताजी विवरणपत्रं
- दोघांच्या नोकरीतले रजेचे, अर्धवेळ कामाचे आणि बिनपगारी सुट्टीचे नियम, छापील स्वरूपात
- आरोग्य आणि आयुर्विम्याचे कागद (कोणतं संरक्षण नोकरीबरोबर जाणार, हे पाहायला)
- कर्जांची यादी
- एक कोरी वही

सावधान: रजेचे नियम सहकाऱ्यांना विचारून घेऊ नका. "आपल्याकडे बिनपगारी सुट्टी मिळत नाही" असं मला दोघींनी छातीठोकपणे सांगितलं होतं. मिळत होती. मी नियम वाचले ते राजीनामा मंजूर झाल्यावर.

या बैठकांना दोघंच बसा. आईवडील, सासूसासरे, बहीणभाऊ कितीही जवळचे असले तरी त्यांची पाळी सहाव्या टप्प्यात येते.

## टप्पा १: घरात नेमकं किती काम आहे, ते मोजा

पैशांआधी कामाची यादी करायची. कारण "घरी थांबणं" म्हणजे काय करणं, हेच दोघांच्या डोक्यात वेगवेगळं असतं.

कोणतं काम धरायचं याची सोपी कसोटी मार्गारेट रीड या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९३४ साली दिली: जे पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेता येईल, ते काम. बाळाला आंघोळ घालणं हे काम आहे. तुमची स्वतःची आंघोळ हे काम नाही. या कसोटीने आठवडाभर दोघांनी अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद ठेवा, आणि स्वतःची नोंद स्वतःच लिहा.

वहीत दोन रकाने हवेत. पहिल्यात हातांची कामं: स्वयंपाक, धुणं, भरवणं, झोपवणं, आणणं-पोहोचवणं. दुसऱ्यात डोक्यात ठेवायची कामं: लस कधी आहे, बूट लहान झालेत का, शाळेचा अर्ज कोणत्या तारखेला सुटतो, औषध संपत आलंय का. हा दुसरा रकाना बहुतेक घरांत एकाच माणसाच्या नावावर भरलेला निघतो आणि दुसऱ्याला तो आहे हेच माहीत नसतं. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी नवऱ्याने विचारलं, "हे तू लिहितेस ते सगळं खरंच करतेस, की आठवतेस नुसतं?" आठवणं हेच काम आहे, हे त्याला पटायला आणखी चार दिवस लागले.

आकड्यांनी बोलायचं तर आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगभरातल्या बिनपगारी घरकाम-संगोपनाचा ७६.२ टक्के वेळ बायकांचा असतो: दिवसाला सरासरी ४ तास २५ मिनिटं, आणि पुरुषांचा १ तास २३ मिनिटं. तुमच्या वहीतलं प्रमाण याच्या आसपास आलं तर त्यावरून भांडू नका, पण ते कागदावर राहू द्या. पुढच्या टप्प्यांत त्याचाच उपयोग आहे.

तपासा: वहीत कुठे "मदत केली" असं लिहिलंय का? खोडा. कामाचं नाव आणि वेळ लिहा. मदत या शब्दात काम मूळचं दुसऱ्याचं आहे हे आधीच कबूल केलेलं असतं.

## टप्पा २: आजचा हिशोब, घराच्या एकत्र उत्पन्नावर

आता पैसे. चलन कुठलंही असो, एकाचा हातात येणारा पगार १०० धरा आणि बाकी सगळं त्या मापात लिहा. म्हणजे मोठ्या आकड्यांनी डोळे दिपत नाहीत.

समजा एकाचा पगार १००, दुसऱ्याचा ८०. पाळणाघर किंवा सांभाळणाऱ्या बाईंचा खर्च ३६. नोकरीमुळे होणारा बाकीचा खर्च, म्हणजे प्रवास, कपडे, बाहेरून घेतलेली मदत, १०. नेहमीची चूक अशी की ८० मधून ४६ वजा करायचे आणि म्हणायचं, "उरतात ३४. त्यासाठी एवढी दगदग?"

पण मूल दोघांचं आहे. ३६ हा खर्च १८० च्या उत्पन्नातून जातो, म्हणजे पाचवा हिस्सा. हाच खर्च शंभरवाल्याच्या पगारातून वजा करून बघा, मग त्याचीही नोकरी "परवडत नाही" असं वाटायला लागेल. तो सहसा करून बघत नाही.

पुढे, ३४ हा आकडाही अपुरा आहे. एक माणूस दिवसभर घरी असला की घरचा खर्च थोडा वाढतो. तो ४ धरा. म्हणजे नोकरी सोडली तर हातचे ३८ कमी होतात. शिवाय मालक निवृत्तिनिधीत भरतो ते ८ आणि नोकरीबरोबर फुकट मिळणारा विमा ३, हे पगारपत्रकात असतात पण हातात येत नाहीत, म्हणून हिशोबात विसरले जातात. ते धरले की खरा फरक ३४ नाही, ४९ होतो. तुमचे आकडे वेगळे येतील. ओळी मात्र याच ठेवा.

कराचं एक वेगळं पाहा. काही देशांत नवराबायकोचं उत्पन्न एकत्र धरून कर लागतो, उदाहरणार्थ जर्मनी. तिथे कमी कमावणाऱ्याच्या पगारावर पहिल्या पैशापासूनच चढा दर बसतो आणि हातात कमी उरतं. स्वीडनसारख्या देशात १९७१ पासून प्रत्येकाचा कर स्वतंत्र आहे, तिथे हे होत नाही. तुम्ही राहता तिथली पद्धत कोणती, हे बघूनच "हातात येणारा" आकडा लिहा.

सावधान: आजी-आजोबा सांभाळणार म्हणून खर्चाच्या ओळीत शून्य लिहू नका. त्यांची तब्येत, त्यांचा कंटाळा, त्यांचा स्वतःचा वेळ यांची किंमत आज नाही तर उद्या समोर येतेच. त्या ओळीत निदान पर्यायी व्यवस्थेचा आकडा कंसात लिहून ठेवा.

## टप्पा ३: उद्याचा हिशोब (इथेच सगळे घाई करतात)

नोकरी सोडल्यावर जाणारा पैसा एकाच ढिगात नसतो, तीन ढिगांत असतो. दिसतो तो पहिलाच.

पहिला ढीग थांबलेल्या वर्षांचा पगार. इथे मोजायला सोपं जावं म्हणून थांबणाऱ्याचाच पगार वर्षाला १०० आहे, आणि महागाई वगळून तो दरवर्षी ३ टक्क्यांनी वाढला असता असं धरा. पाच वर्षं घरी थांबल्यास जातात साधारण ५३१. यातून मागच्या टप्प्यातली बचत, म्हणजे पाळणाघर आणि प्रवास, वजा होते. इथपर्यंत सगळे येतात.

दुसरा ढीग परतल्यानंतरचा. पाच वर्षांनी न थांबणाऱ्याचा पगार ११६ च्या घरात असतो. तुम्ही परत १०० वर रुजू झालात, तर १६ चा फरक पहिल्याच दिवशी आहे, आणि दोघांचेही पगार त्याच ३ टक्क्यांनी वाढत राहिले तर तो कधीच भरून निघत नाही. वीस वर्षांत या फरकाची बेरीज होते सुमारे ४२८. परतताना १०० ऐवजी ९० च मिळाले, जे अगदी शक्य आहे, तर ही बेरीज जवळपास ६९७ वर जाते. म्हणजे पहिल्या ढिगापेक्षाही जास्त. आणि यातून पाळणाघराची बचत वजा करता येत नाही, कारण तोवर मूल शाळेत गेलेलं असतं.

तिसरा ढीग निवृत्तीचा. वर्षाला १० याप्रमाणे पाच वर्षांत ५० निधीत पडायचे राहिले, तर महागाई वगळून ४ टक्के परताव्याने त्यानंतरच्या २५ वर्षांत त्यांचे सुमारे १४४ झाले असते. जवळजवळ दीड वर्षाचा पगार म्हातारपणातून वजा. काही देशांत हे खड्डे सरकार थोडे बुजवतं. जर्मनीत १९९२ पासून जन्मलेल्या प्रत्येक मुलामागे तीन वर्षांचं संगोपन निवृत्तिवेतनात धरलं जातं. तुमच्याकडे तसं काही आहे का आणि त्यासाठी अर्ज करावा लागतो का, हे शोधा. न मागितलेला हक्क आपणहून क्वचितच मिळतो.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. डेन्मार्कच्या नोंदींवरून तीन अर्थशास्त्रज्ञांनी २०१९ साली दाखवलं की पहिल्या मुलाआधी स्त्री-पुरुषांच्या कमाईची रेघ एकत्र चालते. मुलानंतर बायकांची खाली येते आणि दीर्घकाळात सुमारे २० टक्के खालीच राहते. पुरुषांच्या रेघेवर ओरखडासुद्धा नसतो. आणि हा देश स्वस्त पाळणाघरांसाठी ओळखला जाणारा.

तपासा: तिन्ही ढिगांचे आकडे वहीत आहेत का? फक्त पहिला असेल तर पुढे जाऊ नका. आकडे बघून "तरीही थांबायचंय" असं वाटलं तर ते पूर्णपणे रास्त आहे. मुलाबरोबरची वर्षं या वहीत बसत नाहीत. किंमत माहीत असताना ती मोजणं निराळं आणि दहा वर्षांनी अचानक कळणं निराळं, एवढंच.

## टप्पा ४: कोण, किती, आणि कोणत्या तारखेपर्यंत

आता कुठे "कोण" हा प्रश्न येतो. त्याआधी पर्याय वाढवा. पूर्ण थांबणं आणि पूर्णवेळ नोकरी यांच्यामध्ये बरंच काही असतं: दोघांनी आठवड्यातून चार-चार दिवस काम, एकाने सकाळची पाळी आणि दुसऱ्याने संध्याकाळची, पहिलं वर्ष एकाने आणि दुसरं दुसऱ्याने, राजीनाम्याऐवजी लांब बिनपगारी रजा. प्रत्येक पर्यायापुढे दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यातले आकडे मांडा.

"ज्याचा पगार कमी तो थांबेल" हे उत्तर सरळ वाटतं, पण ते स्वतःभोवतीच फिरणारं आहे. पगार कमी का? अनेकदा पुढे थांबावं लागणार हे धरून आधीच सोयीची, जवळची, कमी वाढीची नोकरी निवडलेली असते. मग पगार कमी म्हणून थांबायचं, आणि थांबल्यामुळे पगार आणखी कमी. म्हणून आजच्या पगाराबरोबर आणखी तीन गोष्टी विचारा: पुढच्या दहा वर्षांत कोणाची वाढ जास्त आहे? कोणाच्या क्षेत्रात खंड चालतो? आणि मुलाबरोबर दिवसभर राहायला मनापासून कोणाला आवडेल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर काही घरांत बाबा असतं. तो ते मोठ्याने म्हणायला लाजतो.

क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या मांडणीतला एक मुद्दा इथे कामाचा आहे. काही नोकऱ्या हावरट असतात: रात्री-अपरात्री, सुट्टीच्या दिवशी हाक मारली की हजर होणाऱ्याला त्या तासामागेही जास्त पैसे देतात. म्हणून एकाने हावरट नोकरी धरायची आणि दुसऱ्याने लवचीक, हे जोडप्याला फायद्याचं वाटतं. तुमच्या घरात तसं होतंय का पाहा. होत असेल तर तो दोघांनी केलेला सौदा आहे. "तुझं करिअर मोठं, माझं किरकोळ" हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

सावधान: अर्धवेळ काम घेताना कामाची यादीही अर्धी झालीय का, ते लेखी घ्या. पगार अर्धा आणि काम पूर्ण, हा प्रकार सर्रास चालतो.

शेवटी तारीख. "मूल मोठं होईपर्यंत" ही तारीख नाही. महिना आणि वर्ष लिहा. दर सहा महिन्यांनी फेरविचाराचा दिवसही दिनदर्शिकेत टाका. आम्ही "बघू" म्हटलं होतं, आणि दोनाची चार वर्षं कधी झाली ते कळलं नाही.

## टप्पा ५: राजीनाम्याआधी तीन महिन्यांची तालीम

एका पगारावर राहायचं ठरलं असेल तर नोकरी चालू असतानाच राहून बघा. थांबणाऱ्याचा पूर्ण पगार जमा होताच वेगळ्या खात्यात वळवा आणि तीन महिने त्याला हात लावू नका. पाळणाघर अजून सुरू नसेल तर त्याच्या खर्चाचा विचार इथे करू नका. फक्त एका पगारात महिना निघतो का, ते पाहा.

तिसऱ्या महिन्यात हात आखडले तर अजून काही बिघडलेलं नाही, चौथ्या टप्प्यावर परत जा. निभलं तर वेगळ्या खात्यात तीन पगार जमलेले असतील. तो तुमच्या आपत्कालीन निधीचा पाया. दोन पगारांच्या घराला सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवला तरी चालतो. एका पगाराच्या घराला नऊ ते बारा महिन्यांचा लागतो, कारण तो एक गेला की आत काहीच येत नाही.

कामाचीही तालीम घ्या. जो घरी थांबणार नाही त्याने एक सलग शनिवार-रविवार मूल आणि घर एकट्याने सांभाळायचं, फोनवरून सूचना न मागता. आइसलंडमध्ये २४ ऑक्टोबर १९७५ रोजी सुमारे ९० टक्के बायकांनी नोकरी आणि घरकाम दोन्ही एक दिवस बंद ठेवलं, तेव्हा कित्येक वडील मुलांना घेऊन कचेरीत पोहोचले होते. तुम्हाला संप करायची गरज नाही, दोन दिवस पुरतात.

## टप्पा ६: थांबणाऱ्याचं संरक्षण आधी, घोषणा नंतर

प्रेमात असताना या गोष्टी बोलायला अवघड वाटतात, म्हणून लोक त्या गाळतात. पण घरी थांबणारा माणूस स्वतःची कमावण्याची ताकद घराला उसनी देत असतो. उसनं घेतलेलं लिहून ठेवायचं असतं.

पुढच्या गोष्टी राजीनाम्याच्या तारखेआधी पूर्ण करा:

१. थांबणाऱ्याच्या एकट्याच्या नावावर खातं, आणि त्यात दर महिन्याला ठरलेली रक्कम आपोआप जमा. मागावी लागू नये. "हातखर्च" हा शब्द वापरू नका. हातखर्च मुलांना देतात.

२. थांबणाऱ्याच्या निवृत्तिनिधीत भरणा चालू. नोकरीतला निधी बंद पडणार असेल तर वैयक्तिक खातं उघडा. तिसऱ्या ढिगातला खड्डा बुजवायचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे आणि सर्वांत जास्त टाळला जातो.

३. आयुर्विमा दोघांचा. कमावत्याचा सगळे काढतात. घरी असलेल्याला उद्या काही झालं तर पहिल्या टप्प्यातल्या वहीतली सगळी कामं पैसे देऊन करून घ्यावी लागतील. ती रक्कम काढा. विमा किमान तेवढा हवा.

४. घर आणि मोठ्या गुंतवणुकी दोघांच्या नावावर. कर्जात सही दोघांची आणि मालकीत नाव एकाचं, असं असेल तर आधी ते दुरुस्त करा.

५. मृत्युपत्रं, नामनिर्देशनं, आणि सगळ्या खात्यांची माहिती दोघांनाही. महिन्यातून एकदा दोघांनी मिळून खाती पाहायची. पैशाचे व्यवहार "तो बघतो" असं झालं की दोन वर्षांत दुसऱ्याला बँकेत जायची भीती वाटायला लागते. हे मी चांगल्या शिकलेल्या बायकांच्या बाबतीत पाहिलंय.

६. ठरलेली तारीख, फेरविचाराचे दिवस आणि वेगळं व्हायची वेळ आलीच तर काय, हे एका पानावर दोघांच्या सह्यांनी. हा कागद न्यायालयात किती टिकेल ते तुमच्या देशाच्या कायद्यावर अवलंबून. मालमत्ता मोठी असेल तर वकिलाला एकदा दाखवा. पण मुख्य उपयोग घरातच होतो. तीन वर्षांनी "आपण असं ठरवलंच नव्हतं" हे वाक्य येत नाही.

तपासा: सहाही पूर्ण? मगच नातेवाइकांना सांगा.

सांगताना विचारू नका. "आम्ही असं ठरवलंय" आणि "काय करू?" यांत फरक आहे. दुसऱ्या वाक्याने सुरुवात केलीत तर प्रत्येकजण मत देणार, आणि ज्याचं ऐकलं नाही तो दुखावणार.

बोलणी दोन्हीकडून बसतात, ही खूणगाठ बांधा. आई नोकरी करते म्हटलं की "बिचारं लेकरू", घरी थांबली की "एवढं शिकून काय उपयोग". अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सारख्याच योग्यतेचे अर्ज लोकांपुढे ठेवले. ज्यात अर्जदार आई असल्याचं कळत होतं तिला कामात कमी सक्षम ठरवलं गेलं आणि पगारही कमी सुचवला गेला. वडील असण्याचा असा दंड पुरुषांना बसला नाही. घरी थांबणाऱ्या बाबांना मात्र वेगळंच ऐकावं लागतं: "सध्या काम नाही वाटतं?" यांवर लांब खुलासे देऊ नका, ते वादाला आमंत्रण असतं. एक ओळ ठरवा आणि दोघांनी तीच वापरा. "पुढच्या वर्षीपर्यंत आम्ही असं ठरवलंय" एवढं पुरतं. आणि जोडीदाराच्या माहेरच्यांना किंवा सासरच्यांना तुम्ही नाही, त्यांच्या रक्ताच्या माणसाने उत्तर द्यायचं. आपल्या आईला आपणच सांगायचं.

## टप्पा ७: दोघंही नोकरीत राहणार असाल तर

हा टप्पा लहान आहे, पण गाळू नका. मूल आजारी पडलं की कोण घरी राहील, हे त्या सकाळी ठरवलं तर दरवेळी एकच माणूस राहतो. आलटून-पालटून पाळी ठरवा आणि तारखा लिहा. पाळणाघरात, शाळेत पहिला फोन क्रमांक कोणाचा दिलाय ते बघा. वडिलांचा पहिला देऊन सहा महिने चालवून पाहा. तिसरा आधार, म्हणजे शेजारी, मावशी, पैसे घेऊन येणारी बाई, आधीच बोलून ठेवा. पहिल्या टप्प्यातली वही इथेही लागते: दोघं सारखे तास बाहेर राबत असतील आणि घरची सगळी पाळी एकाच्याच वाट्याला असेल, तर त्या घरात नोकऱ्या तीन आहेत.

## टप्पा ८: परतीची वाट पहिल्या दिवसापासून

परत जायचा विचार शेवटच्या वर्षात सुरू केला तर उशीर होतो. अमेरिकेतल्याच २०१८ च्या एका प्रयोगात बनावट अर्ज पाठवले गेले. नोकरीत असलेल्या आयांच्या सुमारे १५ टक्के अर्जांना बोलावणं आलं, नोकरी गेलेल्यांच्या सुमारे १० टक्के, आणि मुलांसाठी घरी थांबलेल्यांच्या फक्त ५ टक्के. वडिलांच्या अर्जांचंही जवळपास तसंच झालं. म्हणजे मालकाला नुसता खंड खुपत नाही, "हा माणूस कामाला दुय्यम मानतो" हा ग्रह खुपतो. तो ग्रह मोडायची सामग्री जमवत राहायची:

- व्यवसायाचा परवाना किंवा नोंदणी लागत असेल तर ती एकदाही चुकू देऊ नका. नव्याने काढणं नूतनीकरणाच्या कित्येक पट त्रासाचं असतं.
- वर्षातून एक तरी दाखवता येईल असं काम: छोटा प्रकल्प, सल्ला, शिकवणी, अनुवाद, जे तुमच्या क्षेत्रात चालतं ते. पैसे थोडे मिळाले तरी चालतील, पण नाव आणि तारीख हवी.
- जुन्या तीन-चार सहकाऱ्यांशी दर दोन-तीन महिन्यांनी बोलणं. नोकरी हवी तेव्हाच पहिला फोन केला, तर त्यांनाही अवघडल्यासारखं होतं.

ठरलेल्या तारखेच्या सहा महिने आधी अर्ज सुरू करा. खंड लपवू नका; एका ओळीत लिहा आणि लगेच त्या काळात केलेल्या कामाकडे वळा. मुलाखतीत "मुलं लहान होती म्हणून" असा माफीचा सूर लावू नका. "चार वर्षं संगोपनासाठी घेतली होती, ती ठरल्याप्रमाणे संपली" असं सांगा. ठरल्याप्रमाणे, हा शब्द महत्त्वाचा, आणि चौथ्या टप्प्यात तारीख लिहिली असेल तरच तो खरा असतो. पहिला देकार जुन्या पगारापेक्षा कमी आला तर दुसऱ्या ढिगाचा आकडा आठवा: ९० आणि १०० मधला फरक वीस वर्षांत २७० च्या आसपास जातो. तेव्हा संकोच न करता एकदा तरी वाढवून मागा.

सावधान: परतीच्या वेळची सर्वांत मोठी चूक कचेरीत होत नाही, घरात होते. थांबणारा पुन्हा कामाला लागतो, आणि घरची सगळी कामं त्याच्याच नावावर तशीच राहतात. रुजू व्हायच्या दोन महिने आधी जुनी वही काढा, पुन्हा आठवडाभर नोंद करा आणि कामं नावानिशी वाटा. दुसऱ्या रकान्यापासून सुरुवात करा. लसीची तारीख, शाळेचे निरोप, दंतवैद्याची वेळ, हे सगळं जोडीदाराच्या फोनवर हलवा आणि पहिल्यांदा त्याच्याकडून एखादी तारीख चुकली तर ती चुकू द्या. आमच्याकडे शाळेचं छायाचित्र काढायचा दिवस चुकला. वर्गाच्या छायाचित्रात लेक घरच्या कपड्यांत आहे. पुढची एकही तारीख चुकली नाही.